नारायणगावच्या शेवटी ‘एन’ कशासाठी?

आंबेगाव, घोडेगाव, नारायणगाव. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील ही नावे मराठीत ‘व’ने संपतात, इंग्रजी पाटीवर मात्र त्यांच्या शेवटी ‘एन’ येतो. परप्रांतीय प्रवासी मग सरळ ‘नारायणगाओन’ असे वाचतो. हा ‘एन’ आला कोठून?

पूर्वी आपण ‘गांव’ असे अनुस्वार देऊन लिहीत असू. तो नासिक्य उच्चार दाखवण्यासाठी इंग्रजीत ‘एन’ घातला गेला. १९६२च्या शासनमान्य लेखननियमांनी मराठीतील असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. मराठीतून अनुस्वार गेला. इंग्रजीतील ‘एन’ राहिला.

इंग्रजी स्पेलिंगची बरीचशी कोडी अशीच पडली आहेत. ‘नाइफ’मधला ‘के’ आणि ‘नाइट’मधले ‘जी-एच’ एके काळी उच्चारले जात. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि पुढे स्पेलिंगे हळूहळू स्थिरावली. उच्चार मात्र बदलतच राहिले.

शब्दांच्या शेवटांचेही तसेच आहे. कानाला ‘शन’ असा एकच ध्वनी ऐकू येतो, पण तो लिहिण्याच्या तऱ्हा अनेक. त्यामागे शब्दाचे कूळ असते. ‘अ‍ॅक्ट’च्या शेवटी ‘टी’ आहे, म्हणून ‘अ‍ॅक्शन’मध्ये ‘टी-आय-ओ-एन’. ‘एक्स्पांड’च्या शेवटी ‘डी’ आहे, म्हणून ‘एक्स्पान्शन’मध्ये ‘एस-आय-ओ-एन’. व्यवसाय करणारी व्यक्ती असेल, तर बहुधा ‘सी-आय-ए-एन’: म्युझिशियन, टेक्निशियन. अपवाद आहेतच, ‘अटेंड’वरून होणारे ‘अटेन्शन’ मात्र ‘टी’नेच लिहितात.

काही शेवट देशानुसार बदलतात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही जगप्रसिद्ध दुर्बीण आहे. तिच्या नावातील ‘मीटर’ ब्रिटिश वळणाने ‘आर-ई’ने संपतो, अमेरिकी लेखक तोच शब्द ‘ई-आर’ने संपवतो. नोहा वेबस्टर यांच्या १८२८च्या शब्दकोशाने असे शेवट अमेरिकेत रुजवले. गंमत अशी, की लांबीचे माप ‘आर-ई’ने लिहिणारा ब्रिटिश माणूस विजेचा मीटर मात्र ‘ई-आर’नेच लिहितो!

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. अक्षर आणि उच्चार यांचा बराचसा मेळ असलेल्या देवनागरीत वाढणारे मूल ‘स्टेशन’चा शेवट ‘एस-एच-यू-एन’ असा लिहिते, तेव्हा ते ऐकलेले प्रामाणिकपणे लिहीत असते. त्या शब्दावर नुसती लाल फुली मारली, तर मुलाच्या मनात इंग्रजीची भीती तेवढी बसते. त्याऐवजी शब्दाचे कूळ सांगावे, एका शेवटाचे शब्द एकत्र लिहून घ्यावेत आणि ब्रिटिश वा अमेरिकी यांपैकी एकच वळण पाळायला शिकवावे. सुरुवात गावाच्या पाटीपासूनच करता येईल. मुलाच्या कानाची चूक नाही, लेखनच जुने आहे, हे त्याला तिथेच उमगेल.