फेब्रुवारीतले जादा शंभर रुपये

महाराष्ट्रातील बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो; फेब्रुवारीत मात्र ३०० रुपये. या जादा शंभराचे मूळ राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २७६ नुसार राज्याला एका व्यक्तीकडून वर्षाकाठी कमाल २,५०० रुपयेच व्यवसाय कर घेता येतो. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून ही मर्यादा नेमकी गाठली जाते.

राज्यात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या या योजनेचा भार शहरी पगारदारांनीही उचलावा, अशी त्यामागील भूमिका होती.

घटनेतील मूळ मर्यादा २५० रुपयांची होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती दहापट झाली. त्यानंतर पगार आणि महागाई कितीतरी पटींनी वाढली. मर्यादा मात्र तेथेच राहिली. परिणामी तीस हजारांचा कारकून आणि तीन लाखांचा अधिकारी सारखाच कर भरतात. विधिमंडळाने ठरवले तरी अधिक पगारावर अधिक कर बसवून ही विषमता दूर करणे त्याच्या हाती नाही. त्यासाठी संसदेलाच घटनादुरुस्ती करावी लागेल.