‘बघू’चा ढीग

लग्नाचा बस्ता म्हटलं की पुण्यात आणि आसपासच्या तालुक्यांत अजूनही पहिलं नाव निघतं ते लक्ष्मी रोडचं. मॉल झाले, मोबाइलवर साड्या मागवता येऊ लागल्या, तरी बारामती-दौंडकडची जीप मंडईजवळ येऊन थांबतेच. तीतून आठ-दहा बायका उतरतात, दोन कंटाळलेले पुरुष उतरतात आणि कुणाच्या तरी पर्समधून एक यादी बाहेर येते. मावसबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती यादी माझ्याकडे आली. अक्षर बरं आणि मतं कमी, ही माझी पात्रता.

क्वार्टर गेटपासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत हा रस्ता जेमतेम अडीच-तीन किलोमीटरचा, पण दर पाच मिनिटांच्या चालीला त्याचं गाव बदलतं. पूर्वेला नाना पेठेत दुचाक्यांचे स्पेअर पार्ट आणि पारशांची अग्यारी. शेजारच्या रास्ता पेठेत बेने इस्रायलांचं सिनेगॉग. गणेश पेठेत डुल्या मारुती. मग रविवार पेठ, म्हणजे बोहरी आळी, कापडगंज आणि सोन्या मारुती चौकातले सराफ. बेलबाग चौक ओलांडला की तुळशीबागेची गर्दी रस्त्यावर सांडलेली असते, आणि तिथून थेट गरुड गणपतीपर्यंत कापडच कापड. बाहेरच्यांना हा रस्ता माहीत असतो तो अनंत चतुर्दशीचा, चोवीस तासांहून अधिक चालणाऱ्या विसर्जन मिरवणुकीचा. ती बघण्यासारखी असते यात वादच नाही. पण हा रस्ता पोट कशावर भरतो ते कळायचं तर एखाद्या बस्त्याबरोबर फिरावं.

दुकानात शिरल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, “बस्ता की सुटी साडी?” सुटी साडी खाली काउंटरवर. बस्ता वरच्या मजल्यावर, जिथे पांढरी चादर घातलेली गादी अजून आहे. चपला जिन्यापाशी काढायच्या, भिंतीला टेकून बसायचं. लगोलग पाणी येतं, थोड्या वेळाने चहा. चहा पोटात गेलेलं गिऱ्हाईक उठून शेजारच्या दुकानात जायला संकोचतं, हे इथल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं.

आमच्या वाट्याला आलेले सेल्समन पन्नाशीचे, मिशा पिकलेल्या, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी यादी मागितली नाही. “मावशी, शालू आधी बघायचा की आहेराच्या उरकून टाकायच्या?” एवढंच विचारलं, आणि उत्तर कोण देतं तिकडे बघत राहिले. उत्तर नवरीच्या आईने दिलं, पण देण्याआधी तिने मुलाकडच्या एका बाईंकडे पाहिलं. त्या विहीणबाई नव्हत्या. विहीणबाईंच्या धाकट्या बहीण होत्या. त्या क्षणापासून प्रत्येक साडीचा पदर त्या बाईंच्या दिशेने पडू लागला. विहीणबाईंना मात्र दर दोन साड्यांनी “ताई, तुमचं काय म्हणणं?” असं विचारलं जात होतं. मान एकीचा, निर्णय दुसरीचा. आम्हाला साखरपुड्यापासून न उमगलेली गोष्ट या गृहस्थांना चहा यायच्या आत समजली होती.

साडी उघडण्याची एक रीत आहे. घडी डाव्या तळहातावर, उजव्या हाताने पदराचं टोक धरून एक झटका. साडी गादीभर पसरते आणि काठ बरोबर बघणाऱ्याच्या गुडघ्याशी येऊन थांबतो. आवडतेय असं दिसलं की सेल्समन उभे राहतात, चार बोटांवर भराभर निऱ्या घेतात, पँटच्या पट्ट्यात खोचतात आणि पदर स्वतःच्या खांद्यावर टाकतात. पिकल्या मिशांचा माणूस राणी रंगाची पैठणी नेसून समोर उभा असतो आणि कुणालाही हसू येत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष काठावर असतं.

नवरीला जी पैठणी आवडली तिचा पदर त्यांनी आपणहून उलटा केला. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही तितकाच स्वच्छ असतो, मोर इकडून तसाच तिकडून. हिच्या मागे धागे तरंगत होते. “ही सेमी आहे ताई, सांगून ठेवलेलं बरं.” हा खरेपणा की धंद्याचं गणित, हे मला ठरवता आलं नाही. खरी पैठणी मात्र त्यानंतर निघाली, आणि किंमत ऐकून कुणी दचकलं नाही. आजीसाठी नारायणपेठी नऊवारी घ्यायची होती. दोन्हीकडच्या मंडळींत निम्म्यांचा ठाम समज होता की ही साडी मागच्या गल्लीतल्या नारायण पेठेत विणतात. ती येते तेलंगणातल्या नारायणपेठेहून.

तासाभरात समोर तीन ढीग झाले. एक ‘हो’चा, एक ‘नाही’चा आणि मधे ‘बघू’चा. नवखा विक्रेता ‘हो’च्या ढिगाकडे बघून खूश होतो. आमच्या सेल्समननी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या साड्या विकल्याच गेल्या होत्या. ते ‘बघू’चा ढीग खेळवत होते. त्यातली एक उचलून ‘हो’मधल्या तिच्याहून फिक्या साडीशेजारी ठेवायची, मग काही न बोलता पाणी प्यायचं. दुसरी दाराशी नेऊन उजेडात दाखवायची, कारण ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि रामा यांतला फरक मरतो. चिठ्ठीवर छापील किमतीखाली दोन-तीन अक्षरं खरडलेली असतात. ती दुकानाची खूण. किती सोडता येईल ते सेल्समनला त्यावरून कळतं. अक्षरांचा अर्थ विचारला तर ते ऐकू न आल्यासारखं करतात.

आणि घड्या. एक साडी विकायला वीस उघडाव्या लागतात, म्हणजे एकोणीस परत घालाव्या लागतात. दोन पोरं भिंतीशी बसून अखंड तेच करत होती. समोरासमोर काठ धरायचे, ताणायचे, हातभर मापाने दुमडायचं, पदर वर येईल असं वळवायचं, चिठ्ठी बाहेर काढायची. आम्ही एक उघडवेपर्यंत त्यांच्या दोन होत. घडी जुन्याच रेघेवर पडावी लागते. नाही तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला साडी हाताळलेली वाटते. या कामाचं कौतुक कुणी करत नाही आणि पगारही त्याच मानाने असतो.

साड्या झाल्या म्हणून बस्ता संपत नाही. ब्लाउजपीससाठी मॅचिंग सेंटर गाठावं लागतं. तिथला मुलगा साडीचं टोक बघतो आणि मागे न वळता शेकडो ताग्यांतून हवा तो हात घालून काढतो. ताईंना शंका आली की फुटपाथवर नेऊन दाखवतो. पण फुटपाथवर उभं राहायला जागा मिळाली तर. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने या रस्त्याच्या एका भागात गाड्या बंद ठेवून पादचारी दिन केला, तेव्हा दुकानांसमोर मोकळी जागा केवढी आहे ते लोकांना पहिल्यांदाच दिसलं. आरी वर्कच्या ब्लाउजचं माप आतल्या गल्लीतल्या खोलीत दिलं. तिथे लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाभोवती बसलेले कारागीर आपसांत बंगाली बोलत होते. सोन्या मारुतीपाशी मंगळसूत्राच्या वाट्या पसंत केल्या. त्यांवर सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक आहे की नाही हे बघायला दुकानदारानेच भिंग पुढे केलं. ते सोनं घडवणारेही पुष्कळसे बंगालचेच. रुखवताला तुळशीबाग, कुलूप-बिजागऱ्यांना बोहरी आळी. एरवी एकमेकांच्या उंबऱ्यावर न जाणारे हे मोहल्ले लग्नाच्या यादीत एकाखाली एक लिहिलेले असतात, आणि यादीला कोण कुठला याच्याशी काही देणंघेणं नसतं.

बिलाच्या वेळी पुन्हा वर बसलो. मालकांनी कॅल्क्युलेटर फिरवून आकडा दाखवला, आमच्याकडच्या पुरुषांनी घासाघीस सुरू केली. मालक शांतपणे “एकच भाव आहे साहेब” म्हणत राहिले. तेवढ्यात सकाळपासून कोपऱ्यात बसून असलेल्या नवरीच्या आत्याबाई म्हणाल्या, “भाव राहू दे. फॉल-पिको फुकट, आहेराचे टॉवेल-टोपी फुकट, आणि त्या ‘बघू’मधली मोरपंखी मला निम्म्यात.” मालकांनी सेल्समनकडे पाहिलं, सेल्समननी चिठ्ठीवरच्या अक्षरांकडे. टॉवेल मिळाले, टोप्या मिळाल्या, फॉल-पिको गुरुवारी घेऊन जा म्हणाले. मोरपंखी निम्म्यात काही बसली नाही, पण आत्याबाई ती घेतल्याशिवाय उठल्याही नाहीत.