मदत केंद्रातली माणसं नेमकं काय करतात?

एलजीबीटीक्यू तरुणांसाठी चालणाऱ्या मदत केंद्रांविषयी आपल्याकडे मतं ठाम असतात, पण माहिती तुटपुंजी. घोटीसारख्या गावात तर ही मतं बहुतेक ऐकीवच. भाताच्या गिरण्यांचं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं हे इगतपुरी तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. कसाऱ्याचा घाट उतरला की मुंबई, दुसऱ्या बाजूला नाशिक. माल आणि माणसं रोज ये-जा करतात. या विषयात काम करणाऱ्या जुन्या संस्था मात्र मुख्यतः मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत उभ्या राहिल्या. त्यामुळे इथल्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची अशा कार्यकर्त्याशी पहिली गाठ पडते ती बहुधा फोनवरच, आणि तीही घरच्यांच्या नकळत. घरच्यांना कळतं तेव्हा पलीकडच्या आवाजाबद्दल त्यांचं मत आधीच तयार असतं. ते मत तपासायला हवं. या माणसांचं काम त्यांच्या टीकाकारांना वाटतं त्यापेक्षा मर्यादित आहे आणि समर्थकांना वाटतं त्यापेक्षा अवघड. समोरचा कोण आहे हे ठरवणं त्यांच्याकडे नसतं. आपण कोण आहोत हे त्याला स्वतःला कळेपर्यंत तो जिवंत राहावा, त्याचं शिक्षण सुटू नये, कोणी त्याला लुबाडू नये आणि शक्यतो त्याचं घर तुटू नये, एवढं ते पाहतात. खालचे सगळे गैरसमज ही मर्यादा न कळल्यामुळे निर्माण होतात.

गैरसमज १ : हे सगळं बेकायदा आहे.

भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ इंग्रजांच्या काळातलं, १८६० सालचं. ते विशिष्ट कृतीला शिक्षा सांगत होतं. मनातल्या ओढीला, तिच्याविषयी बोलण्याला किंवा सल्ला देण्याला त्यात शिक्षा नव्हती. म्हणून तर ते कलम पूर्ण लागू असतानाही मुंबईत १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघालं, १९९४ साली हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याचं केंद्र सांताक्रूझच्या वाकोल्यात महापालिकेच्याच इमारतीत चाललं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीतून हेल्पलाइन चालवली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना या कलमातून वगळलं, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा नाहीत हे कायमचं स्पष्ट केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये समलैंगिक विवाहाला मान्यता द्यायला न्यायालयाने नकार दिला. त्या बातमीवरून अनेकांनी ‘पुन्हा बंदी आली’ असा अर्थ काढला, तो चुकीचा आहे. विवाहाची नोंद होत नाही, पण एकत्र राहणं गुन्हा नाही. वयाची रेघ मात्र इथेही सगळ्यांसारखीच १८ वर्षांची आहे. मुलाचं वय त्याखाली असेल आणि त्याचं लैंगिक शोषण होत असल्याचं कार्यकर्त्याला कळलं, तर ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून जाणता कार्यकर्ता ‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचन देत नाही. काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे तो सुरुवातीलाच सांगतो.

गैरसमज २ : ही केंद्रं चांगल्या मुलांना त्या वाटेला लावतात.

हा आक्षेप नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक आपले लैंगिक प्रश्न पत्राने विचारत आणि कर्वे छापील उत्तरं देत. त्या काळचं ते एका परीने मदत केंद्रच होतं. हस्तमैथुन, समलैंगिकता अशा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. पण त्या पत्रांतून एक गोष्ट दिसते. उत्तर छापलं गेल्यामुळे प्रश्न निर्माण झाला नव्हता, प्रश्न घेऊनच वाचक मासिकाकडे आला होता. आजही क्रम तोच आहे. वर्षानुवर्षं मनात वागवलेली गोष्ट घेऊन मुलगा फोन करतो. तो करण्याआधी केंद्राला त्याचं अस्तित्वही ठाऊक नसतं.

विज्ञानाची साक्षही याच बाजूची आहे. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४ लाख ७७ हजार लोकांची जनुकीय माहिती तपासली गेली. समलैंगिकतेचं असं एकच जनुक सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि जनुकांबाहेरच्या घटकांचा वाटा, असं गुंतागुंतीचं चित्र समोर आलं. यावर कोणी म्हणेल, ‘मग बाहेरचे घटक आहेतच की, म्हणजे संगतीने होतं.’ तसा निष्कर्ष निघत नाही. जनुकांबाहेरचे घटक म्हणजे केवळ संगत नव्हे. जन्मापूर्वीची जडणघडणही त्यात येते, आणि कोणाच्या सांगण्याने लैंगिक कल निर्माण होतो असा पुरावा या अभ्यासात नाही. शिवाय सांगण्याने कल बदलत असता, तर लहानपणापासून घर, शाळा, सिनेमा आणि लग्नाचे मांडव स्त्री-पुरुष प्रेमाचंच शिक्षण देत असताना एकही मूल वेगळं निघालं नसतं. प्रशिक्षित समुपदेशक म्हणूनच घाईने शिक्का मारत नाही. ‘मी गे आहे का?’ या प्रश्नाला तो ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. काय वाटतं, केव्हापासून, भीती कशाची आहे, कोणी त्रास देतंय का, झोप लागते का, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे तो विचारतो. कल एकाच लिंगाच्या व्यक्तीकडे असणं वेगळं आणि जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आपलं न वाटणं वेगळं. समलैंगिक मुलगा म्हणजे तृतीयपंथी, ही गल्लत घरात मोठा गोंधळ घालते. ती निस्तरण्यात समुपदेशकाचा बराच वेळ जातो.

गैरसमज ३ : चांगला डॉक्टर गाठला, नाहीतर लग्न लावून दिलं, की ठिकाणावर येईल.

अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९७३ साली काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केलं. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ साली हा आजार नसल्याची भूमिका जाहीर केली. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारात लैंगिक कलावरून भेदभाव करायला मनाई केली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या जून २०२१ मधल्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘कल बदलण्याचा उपचार’ हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आता आक्षेप असा की, बदल झालेले लोक आहेतच ना? या दाव्याचा सर्वांत वजनदार आधार होता मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांचा अभ्यास. स्पिट्झर साधे माणूस नव्हते. १९७३ च्या निर्णयात त्यांचाच पुढाकार होता. २००३ साली त्यांनी २०० जणांच्या मुलाखतींवरून काहींमध्ये बदल शक्य दिसतो असं लिहिलं. मात्र त्या मुलाखती म्हणजे लोकांनी स्वतःविषयी फोनवर सांगितलेली माहिती होती, तिची शहानिशा करण्याची सोय नव्हती. २०१२ साली स्पिट्झर यांनी ही त्रुटी मान्य केली आणि समलैंगिक समाजाची लेखी माफी मागितली.

लग्नाच्या उपायात आणखी एक माणूस भरडला जातो. मुलाचा कल लपवून लग्न लावलं, तर घरात आलेल्या सुनेची फसवणूक होते. नवरा आपल्याकडे पाहत नाही, याचा दोष ती स्वतःला देते. मूल होत नाही म्हणून बोलणी तीच खाते. मुलगी समलैंगिक असेल तर तिच्यावर होणारी जबरदस्ती चार भिंतींआड राहते आणि संसार या नावाखाली खपते. ‘स्थळं बघायला लागले आहेत, काय करू?’ असा फोन येतो तेव्हा कार्यकर्ता दोन आयुष्यांचा विचार करतो. घरच्यांना मात्र त्यातलं एकच दिसत असतं.

गैरसमज ४ : केंद्रवाले मुलांना घरापासून तोडतात.

उपलब्ध पुरावा याच्या नेमका उलट दिशेला जातो. केटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २२४ समलैंगिक व उभयलैंगिक तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातून तीव्र नकार अनुभवलेल्यांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याचं प्रमाण, फारसा नकार न अनुभवलेल्यांच्या ८.४ पट होतं. अभ्यास अमेरिकेतला आहे, नमुना छोटा आहे, आणि अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे मान्य. पण दिशा स्पष्ट आहे. घराने स्वीकारलं तर धोका कमी. हे ठाऊक असल्यामुळेच केंद्रातली अनुभवी माणसं ‘आजच घरी सांगून टाक’ असा सल्ला देत नाहीत. शिक्षण पुरं झालंय का, हातात कमाई आहे का, घरात मारहाणीची शक्यता आहे का, नातेवाइकांपैकी विश्वासाचं कोण आहे, हे आधी तपासतात. अनेकदा सल्ला थांबण्याचाच असतो. पालक बोलायला तयार असतील तर त्यांच्यासाठी वेगळी बैठक होते. मुंबईत २०१७ साली अशा मुलांच्या पालकांनीच ‘स्वीकार’ हा गट सुरू केला, कारण आईची घालमेल दुसऱ्या आईला लवकर कळते.

तरीही घर सोडावं लागण्याची वेळ येते, हे लपवून चालणार नाही. मारहाण होते, कोंडून ठेवलं जातं, मोबाइल काढून घेतला जातो. अशा वेळी १८ वर्षांखालच्या मुलाला परस्पर कुठे नेण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. बाल कल्याण समिती आणि १०९८ ही चाइल्डलाइन हाच त्यासाठीचा रस्ता आहे. प्रौढ व्यक्तीचा निर्णय तिचा स्वतःचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयांना बजावलं की, समलैंगिक जोडप्यांच्या प्रकरणात समुपदेशनाच्या नावाखाली व्यक्तीचा कल बदलण्याचा किंवा मन वळवण्याचा प्रयत्न होता कामा नये. जे बंधन न्यायालयावर, तेच केंद्रातल्या समुपदेशकावर. आई-वडिलांच्या बाजूने मन वळवणं त्याचं काम नाही, आणि त्यांच्याविरुद्ध भडकावणंही नाही.

गैरसमज ५ : तिथे बसलेल्यांना कसलं आलंय प्रशिक्षण? सगळा एड्सच्या पैशांचा खेळ.

या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांचा पाया एचआयव्ही प्रतिबंधाच्या सरकारी प्रकल्पांवर उभा राहिला. त्यातून ड्रॉप-इन सेंटर, तपासणी, आउटरीच वर्कर आणि समाजातूनच आलेले ‘पीअर’ कार्यकर्ते मिळाले, असंख्य जीव वाचले. पण पैसा त्या वाटेने आल्यामुळे सेवा मुख्यतः पुरुषांभोवती आणि तृतीयपंथी व्यक्तींभोवती जमल्या. समलैंगिक मुलींच्या वाट्याला फार कमी आलं. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ हा गट वेगळा उभा राहिला, तोच पुढे ‘लाबिया’ झाला. प्रशिक्षणाचं म्हणाल तर पीअर कार्यकर्ता आणि समुपदेशक ही दोन निराळी कामं आहेत. पीअर स्वतः त्या वाटेने गेलेला असतो, म्हणून त्याच्यापाशी मन मोकळं होतं. पण नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा धोका ओळखून पुढे पाठवणं हे शिकलेल्या माणसाचंच काम. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आयकॉल’ ही हेल्पलाइन मानसशास्त्र शिकलेल्या समुपदेशकांच्या बळावर सुरू केली. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने तर मनोविकार क्षेत्रातल्या व्यावसायिकांसाठी एलजीबीटीक्यू व्यक्तींच्या समुपदेशनाचा खास अभ्यासक्रम सुरू केला. सगळीकडे हा दर्जा आहे असं नाही. म्हणून पालकांनी केंद्राला खुशाल विचारावं : समुपदेशकाचं शिक्षण काय, त्याच्या कामावर देखरेख कोणाची, १८ वर्षांखालच्या मुलांबाबत नियम कोणते, तक्रार कुठे करायची. नीट चालणारं केंद्र या प्रश्नांनी रागावत नाही.

गैरसमज ६ : हे शहरातलं थेर आहे, गावाकडे याची गरज नाही.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातली दोन पुरुषांमधली ओढ ग्रामीण महाराष्ट्रातच फुलते. पण चित्रपट बाजूला ठेवला, तरी सरकारी कागदपत्रंच या समजुतीला छेद देतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. त्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘साथिया’ हे प्रशिक्षण साहित्य काढलं. गावपातळीवरच्या किशोरवयीन कार्यकर्त्यांसाठी असलेल्या या साहित्यात, या वयात समलिंगी मित्राविषयीही ओढ वाटू शकते आणि ते स्वाभाविक आहे, असं म्हटलं आहे. म्हणजे गरज सरकारने ओळखली आहे. गावातला प्रश्न वेगळाच आहे. मुंबईत मुलगा केंद्रात गेला तर शेजाऱ्याला कळत नाही. घोटीत मेडिकलवाला, रिक्षावाला, गिरणीवाला सगळेच घर ओळखतात. तिथे ‘सल्ला केंद्र’ अशी पाटी लावून भागणार नाही. जी दारं सर्वांसाठी आधीच उघडी आहेत, ती या मुलांसाठीही सुरक्षित करावी लागतील. ग्रामीण रुग्णालयातला किशोरवयीनांसाठीचा ‘मैत्री’ कक्ष, शाळेतला एखादा जाणता शिक्षक, आशाताई, आणि १४४१६ ही ऑक्टोबर २०२२ पासूनची मानसिक आरोग्याची ‘टेली-मानस’ सेवा, ही ती दारं. तिथल्या माणसाने हसू नये, गावभर करू नये आणि स्वतःला न जमणारं काम शहरातल्या अनुभवी केंद्राकडे सोपवावं, एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

या सगळ्यावर शेवटचा आक्षेप उरतो, तो श्रद्धेचा आणि संस्कृतीचा : आम्हाला हे पटत नाही. न पटण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि मदत केंद्र तो काढून घेत नाही. पण पटण्या-न पटण्यावर एखाद्या मुलाचा जीव टांगलेला असू नये. केंद्राचं मोल त्याने किती जणांची मतं बदलली यावरून ठरवू नये. फोन करणारी मुलगी पुढच्या वर्षी परीक्षेला बसली का, पैसे उकळणाऱ्यापासून मुलगा सुटला का, आई त्याच्याशी पुन्हा बोलू लागली का, हे पाहावं. या कसोटीवर जे केंद्र उतरेल त्याला पाठिंबा द्यावा, जे उतरणार नाही त्याला जाब विचारावा. दोन्हींसाठी आधी ते काम काय आहे हे माहीत असायला हवं.