दोघांचा दूरचा प्रवास आणि मोटारसायकलचा ताळेबंद

मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी गेली, संसाराच्या जबाबदाऱ्या काहीशा हलक्या झाल्या, की अनेक दांपत्यांच्या मनात मोटारसायकलवरून दूरवर भटकण्याची जुनी इच्छा पुन्हा जागी होते. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग, दाभोळ आणि जयगडच्या खाड्यांतील फेरीबोटी, पुढे गोवा आणि परतताना आंबोलीचा घाट, असे बेत आखले जातात. विक्रेत्याकडे गेल्यावर मात्र चर्चा होते ती इंजिनाच्या ताकदीची, रंगाची आणि मासिक हप्त्याची. मागे बसून दिवसाला दोनशे किलोमीटर जाणार असलेल्या व्यक्तीला कोणी काही विचारत नाही. वास्तविक दोघांच्या प्रवासासाठी गाडीची निवड मागच्या आसनापासून सुरू व्हावयास हवी. चालवणाऱ्याला हँडलचा आधार असतो आणि खड्डा आधी दिसतो. मागच्या व्यक्तीला तो धक्का बसल्यावरच कळतो.

वजनाचे अंदाजपत्रक

पहिला हिशेब वजनाचा. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह कमाल अनुज्ञेय वजन, असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी किती भार पेलू शकते ते समजते. आता खर्चाची बाजू पाहू. चालक ७५ किलो, सहप्रवासी ६२ किलो, दोघांची शिरस्त्राणे, जॅकेट आणि बूट ८ किलो, सामानाच्या पेट्या व त्यांच्या चौकटी १० किलो, कपडे व इतर सामान १८ किलो, पाणी आणि हत्यारे ५ किलो. बेरीज १७८ किलो होते. हा आकडा गाडीच्या क्षमतेपेक्षा अधिक असेल, तर सामान कमी करावे अथवा दुसरी गाडी पाहावी. जादा भाराची किंमत टायर, ब्रेक आणि मागचे शॉकअब्सॉर्बर यांना मोजावी लागते, आणि ती नेमकी घाटाच्या उतारावर वसूल होते.

ताकद किती हवी?

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील दुचाकी प्रवास प्रामुख्याने जुने महामार्ग, घाट आणि गावांतून जाणारे रस्ते यांवरूनच होतो. तेथे कमाल वेगापेक्षा, कमी वेगात दोघांना चढावर सहज ओढून नेणारे इंजिन उपयोगी पडते. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० आणि मीटिओर ३५० यांची ताकद २० अश्वशक्तीच्या आसपास आहे. त्यांचा २७ न्यूटन-मीटरचा टॉर्क ४००० फेऱ्यांवरच मिळतो, आणि शांत प्रवासाला तो पुरतो. हिमालयन ४५० ची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती आहे. वेगाने जाणाऱ्या ट्रकला ओलांडताना वा लडाखसारख्या उंच प्रदेशात हा फरक जाणवतो.

परंतु हिमालयन ४५० चे आसन जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच आहे, तर मीटिओरचे ७६५. मागे साठ किलो वजन असताना उतारावर वा खडीवर थांबायचे, तर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकणे अगत्याचे असते. मध्यम उंचीच्या, साठीकडे झुकलेल्या चालकासाठी हे साठ मिलिमीटर वीस अश्वशक्तीपेक्षा मोलाचे ठरू शकतात.

चाकांकडेही पाहावे. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. पंक्चर झाल्यास चाक उतरवावे लागते. ट्यूबलेस टायर असल्यास रस्त्याच्या कडेला, चाक न काढता, काही मिनिटांत दुरुस्ती होते. जुनी गाडी घेताना तिला एबीएस आहे का, हे अवश्य पाहावे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना ते २०१९ पासून सक्तीचे आहे.

मागच्या आसनाची सज्जता

चाचणीफेरीला दोघांनीही जावे, आणि सहप्रवाशाने निदान वीस मिनिटे मागे बसून पाहावे. आसन पुरेसे रुंद आहे का, ते पुढे घसरते का, पायटेकणीवर पाय ठेवल्यावर गुडघे फार वर येतात का, हे तेव्हाच समजते. पाठीला टेकू बसवल्यास प्रवास पुष्कळ सुखाचा होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागच्या व्यक्तीसाठी धरण्याची मूठ, पायटेकणी आणि मागच्या चाकावरील संरक्षक जाळी आवश्यक आहे. पेट्यांच्या चौकटी बसवताना ही जाळी सर्रास काढली जाते. साडीचा पदर वा ओढणी चाकात गुंतण्याचा धोका लक्षात घेता ती काढू देऊ नये. शिरस्त्राण दोघांनाही सारख्याच दर्जाचे, भारतीय मानक चिन्हाचे असावे. चालकासाठी उत्तम आणि मागे बसणारीसाठी स्वस्तातले, हा भेद कोणत्याही हिशेबात बसत नाही.

जड सामान खाली आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे राहील असे ठेवावे. मागच्या उंच पेटीत केवळ हलक्या वस्तू असाव्यात, अन्यथा पुढचे चाक हलके होऊन हँडल थरथरते. निघण्यापूर्वी मागच्या शॉकअब्सॉर्बरचा ताण दोघांच्या वजनानुसार वाढवावा आणि टायरमध्ये पुस्तिकेत दोघांसाठी दिलेला हवेचा दाब भरावा. भाराने गाडी मागे दबली की दिव्याचा झोत वर जातो. तो खाली घेतला नाही, तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता मात्र अंधारात राहतो.

विम्याची एक ओळ

कागदपत्रांत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो मागच्या व्यक्तीचा विमा. १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त मालक-चालकासाठी असते. केवळ कायद्याने आवश्यक तेवढीच तृतीय पक्ष पॉलिसी असेल, तर मागे बसणाऱ्या व्यक्तीची भरपाई तीत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या निकालात म्हटले आहे. म्हणून सर्वसमावेशक पॉलिसी घ्यावी आणि सहप्रवाशासाठी वैयक्तिक अपघात संरक्षण जोडून घ्यावे. त्याचा हप्ता एका चांगल्या हातमोज्याच्या जोडीच्या तुलनेतही जड वाटू नये.

रस्त्यावर

मोठ्या प्रवासापूर्वी पूर्ण सामानासह, दोघांनी मिळून, दीडशे किलोमीटरची एक सहल करावी. दोघांच्या भाराने थांबायला लागणारे अंतर वाढते आणि मागच्या ब्रेकचे काम अधिक महत्त्वाचे होते. ही सवय घाटात नव्हे, घराजवळच लागावी. तासाभराने थांबावे. खांद्यावर एक थाप म्हणजे ‘हळू’, दोन म्हणजे ‘थांबा’, अशा खुणा आधीच ठरवाव्यात. फेरीबोटीचा उतार ओला असेल, तर मागच्या व्यक्तीने उतरून चालत जावे. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

पहिल्या दिवसाच्या मुक्कामावर चालकाने इंजिनाची विचारपूस करण्याआधी पाठ, गुडघे आणि मान यांविषयी सहप्रवाशाला विचारावे. दुसऱ्या दिवशीचे अंतर त्या उत्तरावरूनच ठरवावे.