सहीमागचं बळ

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कारखान्याच्या हिशेबखात्यातून एक एक्सेल शीट बाहेर जाते. तीत माणसांची नावं नसतात. टोकन नंबर, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि मूळ पगार अधिक महागाई भत्ता, एवढंच. लेखनाकडे वळण्याआधी काही वर्षं मी एका कारखान्यात ही शीट तयार करत असे. रुजू झाल्याची तारीख एका रकान्यात चुकली की एखाद्या फिटरची अकरा वर्षांची नोकरी कागदावरून नाहीशी व्हायची. म्हणून जुनी हजेरीबुकं काढून एकेक ओळ ताडून पाहावी लागे.

ही शीट सल्लागार ॲक्च्युअरीकडे जाते. मराठीत त्यांना विमागणिती म्हणतात. पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा अहवाल येतो आणि त्यात एक आकडा असतो: सगळ्या कामगारांच्या ग्रॅच्युइटीपोटी आजघडीला कंपनीच्या डोक्यावर किती देणं आहे. तो आकडा थेट ताळेबंदात जातो.

एका वर्षी हा आकडा वरच्या मजल्यावर फारसा आवडला नाही. नफा आधीच आटला होता. साहेबांच्या सांगण्यावरून मी फोन लावला. “सर, पुढची पगारवाढ आठऐवजी पाच टक्के धरली तर चालेल का?” पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “गेल्या तीन वर्षांची पगारपत्रकं पाठवा. त्यात पाच टक्के दिसले, तर पाच धरतो.” पगारपत्रकांत नऊ टक्के होते. मी ती पाठवली नाहीत आणि पुन्हा फोनही केला नाही. आकडा आठ टक्क्यांनीच छापला गेला.

त्या उत्तरामागे काय होतं, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

ग्रॅच्युइटीचा हिशेब वरवर सोपा दिसतो. महिन्याचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षं. शेवटचा पगार 40,000 रुपये आणि नोकरी तीस वर्षं झाली असेल, तर सुमारे 6 लाख 92 हजार. सध्या कायद्याने कमाल मर्यादा 20 लाखांची आहे. पण हे झालं निवृत्तीच्या दिवशीचं गणित. आज पस्तिशीत असलेल्या कामगाराला अठ्ठावन्नाव्या वर्षी जे मिळणार, त्याचं आजचं ओझं किती, हे ठरवताना चार गोष्टी गृहीत धराव्या लागतात. पगार किती वाढेल, किती जण मध्येच नोकरी सोडतील, किती जण दगावतील आणि भविष्यातल्या रुपयाची आजची किंमत काढताना व्याजदर कोणता लावायचा.

शेवटच्या गोष्टीचंच उदाहरण घ्या. तेवीस वर्षांनी द्यायच्या एक लाख रुपयांची आजची किंमत 7 टक्क्यांनी काढली तर सुमारे 21,100 रुपये येते. 8 टक्क्यांनी काढली तर सुमारे 17,000. एका टक्क्याच्या फरकाने देणं जवळजवळ पाचव्या हिश्शाने हलकं झालं. कामगाराच्या हक्काला धक्का लागला नाही, कंपनीने एक रुपयाही भरला नाही, तरी ताळेबंद सुधारला. म्हणूनच हिशेबाचे नियम सांगतात की हा दर ताळेबंदाच्या दिवशी सरकारी रोख्यांवर मिळणाऱ्या परताव्यावरून घ्या. तिथे मोकळीक फारशी नाही. पगारवाढ आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण यांत मात्र अंदाजाला वाव राहतो आणि ओढाताण तिथेच होते.

या ओढाताणीत ॲक्च्युअरीची जागा अवघड असते. त्याची फी कंपनी देते. पुढच्या वर्षी काम त्याला द्यायचं की दुसऱ्याला, हेही कंपनीच ठरवते. ज्याच्या म्हातारपणाचा हा हिशेब आहे, त्या कामगाराला मात्र असा कुणी माणूस असतो याचाही पत्ता नसतो. अशा वेळी नुसत्या सचोटीवर विसंबून चालत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी काहीतरी उभं असावं लागतं. व्यावसायिक संघटनेचं खरं काम मला इथे दिसतं. परिषदा, परीक्षा, नियतकालिकं यांचं मोल आहेच, पण एकट्या माणसाला अशिलासमोर ताठ उभं राहता यावं, ही तिची पहिली जबाबदारी.

आपल्याकडे ही जबाबदारी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियावर आहे. तिचं मुख्यालय नवी मुंबईत आहे आणि तिची मुळंही मुंबईच्या विमाव्यवसायात आहेत. बॉम्बे म्युच्युअल 1870ची, ओरिएंटल 1874ची. भारतीय माणूस सरासरी किती जगतो, याचे भरवशाचे तक्ते या कंपन्यांच्या विमेदारांच्या नोंदींतून तयार झाले. 1925 ते 1935 या काळातल्या अनुभवावर बेतलेला ओरिएंटलचा तक्ता पुढे कित्येक वर्षं वापरात होता. सप्टेंबर 1944 मध्ये ॲक्च्युअरियल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. पण ॲक्च्युअरी व्हायचं तर परीक्षा लंडनच्या इन्स्टिट्यूटची द्यावी लागे. सोसायटीने 1989 पासून स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या आणि संसदेने केलेला ॲक्च्युअरीज कायदा 10 नोव्हेंबर 2006 रोजी लागू होऊन सोसायटीची इन्स्टिट्यूट झाली.

या कायद्याने चित्र पालटलं. आधी ती सभासदांची मंडळी होती, आता तिच्या हाती कायद्याचा दंडुका आला. व्यवसाय करायचा तर तिचं प्रमाणपत्र हवं. कामाची मानकं ती ठरवते. गैरवर्तनाची तक्रार आली तर शिस्तपालन समितीपुढे चौकशी होते आणि दोष गंभीर असेल तर नोंदवहीतून नाव कमी होऊ शकतं. इन्स्टिट्यूटच्या परिषदेवर केंद्र सरकारने नेमलेले सदस्यही बसतात. फोनवरचे ते सर मला नियम सांगत बसले नाहीत, पण नियम होते म्हणून त्यांना आवाज चढवावा लागला नाही. आपण नाही म्हटलं तरी दुसरा ॲक्च्युअरी याच मानकांनी बांधलेला आहे, हे त्यांना ठाऊक होतं. किती जण दगावतील याचा अंदाजही मनाने बांधायचा नसतो. त्यासाठी इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेला 2012-14चा विमेदार मृत्युदर तक्ता असतो.

पण संघटना जुनी आणि मानाची असली म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये 1762 साली स्थापन झालेल्या इक्विटेबल लाइफ या विमा कंपनीने हजारो पेन्शनधारकांना ठरावीक दराने वर्षासन देण्याची हमी दिली होती. व्याजदर उतरले, ती हमी कंपनीच्या गळ्याशी आली. जुलै 2000 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हमी पाळावीच लागेल असा निकाल दिला आणि डिसेंबरमध्ये कंपनीने नवा व्यवसाय बंद केला. नव्वदच्या दशकात काही वर्षं तिथे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि नियुक्त ॲक्च्युअरी ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे होती. नाही म्हणायचं कुणी आणि कुणाला? त्यानंतर सर डेरेक मॉरिस यांनी या व्यवसायाची झाडाझडती घेतली. 2005 मधल्या त्यांच्या अहवालाने व्यवसायाला खडे बोल सुनावले आणि तांत्रिक मानकं ठरवण्याचा अधिकार संघटनेकडून स्वतंत्र मंडळाकडे गेला. आपल्याच माणसांना सांभाळून घेणारी संघटना शेवटी स्वतःचा अधिकार गमावते, हे तिथे दिसलं.

आपल्याकडे आता कसोटीचा काळ आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार संहिता लागू झाल्या. मूळ पगार छोटा ठेवून भत्ते फुगवण्याची जुनी युक्ती आता चालणार नाही. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. कित्येक कंपन्यांचं देणं यामुळे एकदम वाढलं आणि देणं वाढलं की हिशेबखात्यातून फोन जाणारच.

माझी एक तक्रार मात्र आहे आणि ती मनापासून आहे. ताळेबंदाखाली ऑडिटरचं नाव असतं, सही असते. ग्रॅच्युइटीचा आकडा ज्याने काढला त्याचं नाव तिथे सहसा नसतं. तक्रारीची सोय कायद्यात आहे, पण तक्रार करायची कुणाविरुद्ध, हे कामगाराला आणि त्याच्या युनियनला कळणार कसं? हे नाव छापलं जावं, असा आग्रह खुद्द इन्स्टिट्यूटने धरायला हवा. तिच्या सभासदाची सही तेव्हाच पुरी होईल.

तोवर, तुमची कंपनी वार्षिक अहवाल काढत असेल, तर शेवटच्या टिपांमधलं कर्मचारी लाभांचं पान उघडा. व्याजदर, पगारवाढ, नोकरी सोडण्याचं प्रमाण, सगळं तिथे एका चौकटीत छापलेलं असतं. पगारवाढीचा आकडा आपल्या गेल्या तीन वर्षांच्या पगारचिठ्ठ्यांशेजारी ठेवून पाहा.