स्वस्त वॉकीटॉकी सातपुड्यात महाग पडतो

हौशी रेडिओच्या, म्हणजेच हॅम रेडिओच्या, नादी लागू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कमीत कमी पैशांत सुरुवात कशाने करावी? त्याला मिळणारे उत्तरही ठरलेलेच. बाओफेंगचा यूव्ही-५आर किंवा त्याच जातीचा एखादा चिनी हँडसेट घ्या, दोन-तीन हजारांत काम भागते. मुंबई-पुण्याकडे हे उत्तर चुकीचे नाही. तिथे उंच जागी हौशी मंडळींनी रिपीटर बसवलेले असतात. हातातल्या चार-पाच वॅटच्या सेटचा आवाज ते उचलतात आणि शहरभर पोचवतात. पण हा सल्ला देणारा समोरच्याचे गाव विचारत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. रेडिओत स्वस्त काय नि महाग काय हे किमतीची चिठ्ठी ठरवत नाही, डोंगर ठरवतो.

त्यासाठी अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली डोळ्यांसमोर आणावे. नर्मदेकाठचे हे गाव राज्याच्या मतदान केंद्रांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे आणि १९९३ साली सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात पहिल्यांदा शिरले तेही इथेच. पलीकडच्या काठाला गुजरात, मागे सातपुड्याच्या रांगा, पावसाळ्यात रस्त्यापेक्षा बोटीचा आधार जास्त. अशा दरीत उभे राहून यूव्ही-५आरचे बटण दाबले तर काय होईल? हा सेट १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या हौशी पट्ट्यांत वापरायचा. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. सपाट मैदानात उभ्या माणसाला क्षितिज चार-साडेचार किलोमीटरवर लागते, त्यामुळे दोन माणसांमधले अंतर फार तर आठ-नऊ किलोमीटर. इथे तर क्षितिजाच्या जागी डोंगराची धार आहे. धारेपलीकडच्या मोलगीच्या बाजारात आवाज जाणार नाही, मग नंदुरबारची गोष्टच सोडा. म्हणजे दोन-तीन हजारांत मिळाले ते पाण्यावरच्या बोटीशी बोलण्यापुरते साधन. तेवढेच हवे असेल तर ठीक. पण त्याला हॅम रेडिओची सुरुवात म्हणायचे आणि मग महिन्याभरात सेट फळीवर टाकून ‘यात काही राम नाही’ असे ठरवायचे, हा पैशांचा अपव्ययच.

डोंगर ओलांडता येत नसेल तर आवाज सरळ वर पाठवावा, हा त्यावरचा जुना उपाय. सात मेगाहर्ट्झच्या, म्हणजे चाळीस मीटर पट्ट्यातल्या लहरी आभाळाच्या दिशेने सोडल्या की दिवसा सुमारे अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा थर त्यांना परत खाली वळवतो. त्या पावसासारख्या वरून येत असल्याने दरी, धार, घाट यांचा अडसर राहत नाही आणि भोवतालचा तीन-चारशे किलोमीटरचा टापू आवाक्यात येतो. मणिबेलीहून नंदुरबार, धुळे, नाशिक, थेट मुंबई-पुणेही त्यात बसतात. रात्री तो थर विरळ झाला की साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरावे लागते. सूर्याच्या लहरीप्रमाणे काही दिवस वाईटही जातात. तरी पाच-दहा वॅटमध्ये एवढा पल्ला देणारे दुसरे साधन कमी किमतीत नाही.

यावर जाणकार लगेच म्हणतील, की असे एचएफ, म्हणजे चाळीस मीटरसारख्या पट्ट्यांवर चालणारे, सेट महाग असतात. कारखान्यातून बनून आलेले नावाजलेले सेट लाखाच्या घरात जातात, हे खरेच. पण या आक्षेपाला हैदराबादच्या अशर फरहान यांनी वीस वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांनी आखलेला बिटएक्स हा सेट मुद्दाम आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या साध्या ट्रान्झिस्टरांवर बेतलेला होता. परदेशी कोअर मिळत नाहीत म्हणून कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर वापरले होते! त्याची आराखडाचित्रे सगळ्यांना खुली होती आणि जगभर लोकांनी तो आपापल्या टेबलावर बनवला. पुढे चाळीस मीटरसाठीचा बिटएक्स४० तयार बोर्डाच्या रूपात निघाला, तेव्हा त्याची किंमत साठ डॉलरच्या आत होती, म्हणजे त्या वेळच्या दराने चार हजारांच्या आसपास. ते बोर्ड हैदराबादेत महिलांचा एक गट जोडत असे. आज याच घराण्यातले आणि इतरही छोटे सेट हँडसेटपेक्षा महाग पडतात, पण लाखाशी त्यांचा संबंध नाही. एखादा जुना सेट ओळखीच्या हौशी माणसाकडून, चालू अवस्थेत ऐकून-बोलून घेतला तर आणखी बचत होते.

आणि अर्धी बचत सेटच्या बाहेर आहे, याकडे नवखे लोक बघतच नाहीत. ७.१ मेगाहर्ट्झसाठी डायपोल अँटेना म्हणजे दहा-दहा मीटरच्या दोन तारा. घराच्या वायरिंगची तांब्याची वायर चालते. लहरी वरच पाठवायच्या असल्याने तीस फुटी मनोरा नको; दोन मोहांच्या मध्ये घराच्या आढ्याएवढ्या उंचीवर तार बांधली तरी भागते. सेटपर्यंत आणायला डिश टीव्हीची केबलही चालून जाते, कारण सात मेगाहर्ट्झवर केबलमध्ये फारसे काही गळत नाही. हेच हँडसेटला जोडून करायला जा : पातळ आरजी-५८ केबल वीस मीटर घेतली तर १४५ मेगाहर्ट्झवर अर्ध्याहून जास्त शक्ती केबलमध्येच जिरते. मग जाड केबल, यागी अँटेना, उंच खांब, आणि समोर डोंगर तो डोंगरच. विजेचेही तसेच. छोटा सेट नुसता ऐकताना साधारण दीड-दोनशे मिलिअँपिअर घेतो. यूपीएसमधली बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची बॅटरी आणि एक लहान सौर पॅनेल एवढ्यावर तो दिवसभर चालतो. खर्च करायचाच असेल तर अँटेना सेटशी जुळली की नाही हे दाखवणारा एक एसडब्ल्यूआर मीटर घ्यावा. तारेची लांबी न जुळवता बोलायला गेले की पहिला बळी सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरचा जातो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गावोगावी टॉवर उभे राहत असताना हे हवेच कशाला? मोबाइल न पोचलेल्या खेड्यांत ४-जी नेण्यासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६ हजार ३१६ कोटींची योजना मंजूर केली आहे. ती पुरी व्हावी, मणिबेलीसारख्या गावांचा तो हक्कच आहे. हौशी रेडिओ हा सरकारी जबाबदारीचा पर्याय नव्हे, आणि नियमाने त्यावर धंदाही करता येत नाही. माशाचा भाव विचारायला तो नाही. पण टॉवरला वीज लागते, पुढे जाणारी जोडणी लागते आणि मोठ्या आपत्तीत नेमकी तीच तुटते. २६ डिसेंबर २००४ ला सुनामीने अंदमानचे दळणवळण कोलमडले, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओवाल्यांचे पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होते; मुख्य भूमीशी निरोपांची ये-जा त्यांच्या सेटवरून झाली. समुद्र ओलांडण्याचे ते काम हँडसेटचे नव्हते, एचएफचेच होते. उपग्रह फोन का नको, असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की आपल्याकडे तो परवानगीशिवाय बाळगता येत नाही आणि त्याचा खर्चही हौशी माणसाच्या खिशाचा नाही.

परवान्याचा मुद्दा मात्र कुणी टाळू नये. ऑनलाइन बाजारात वॉकीटॉकी खेळण्यासारखे विकले जात होते; म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये त्यांच्या विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. मान्यताप्राप्त, कमी शक्तीचे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे सेट परवान्याविना चालतात, यूव्ही-५आर त्यात मोडत नाही. हौशी परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो, त्याआधी रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम यांची परीक्षा द्यावी लागते. रिस्ट्रिक्टेड वर्गासाठी मोर्स यायची गरज नाही, आणि त्या परवान्यावर चाळीस मीटर पट्ट्यात आवाजाने बोलता येते. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर होतो. परीक्षेसाठी दुर्गम भागातल्या मुलाला शहर गाठावे लागते ही अडचण खरी आहे, आणि ती सेटच्या किमतीपेक्षा मोठी आहे. नंदुरबार-शहाद्याच्या महाविद्यालयांनी भौतिकशास्त्र विभागात एक सेट आणि एक तार लावली, मुलांचे अर्ज एकत्र भरून घेतले, तर ती बरीच हलकी होईल.

तोवर ज्याला सुरुवात करायची आहे त्याने सेट घेऊच नये. एसएसबी, म्हणजे या पट्ट्यात हौशी मंडळी वापरतात त्या पद्धतीचे बोलणे, ऐकता येईल असा शॉर्टवेव्ह रेडिओ आणि वीस मीटर वायर एवढेच आणावे, सकाळी ७.०५० ते ७.१५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान कान लावावा, कोण कुठून किती स्पष्ट ऐकू येते ते वहीत लिहावे आणि अभ्यासाला लागावे. परवाना हातात पडेपर्यंत कोणता सेट घ्यायचा हे ती वहीच सांगेल.