तलवारी सात, पीक दुसऱ्याचे

उत्तम चित्रपटाची परीक्षा कोठे होते? मोठ्या शहरातील चित्रगृहात होते, असे आम्ही आजवर समजत होतो. गेल्या हिवाळ्यात बारडोलीजवळच्या एका उसाच्या फडात आमची ही समजूत पार बदलली.

दिवाळी सरली की नंदुरबार, नवापूर, साक्री या बाजूची अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी सुरत जिल्ह्यात उतरतात. त्यांत आमच्या धर्मग्रामातीलही काही घरे असतात. म्हणून दर हंगामात त्यांच्या पडावावर आमची एक फेरी होते. गेल्या खेपेस आमच्यासोबत आलेल्या एका तरुण शिक्षकाने लहानसे प्रक्षेपणयंत्र आणले होते. दोन कोप्यांच्या मध्ये चादर ताणून त्याने अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा १९५४ सालचा ‘सेव्हन सामुराई’ हा चित्रपट लावला. भाषा जपानी, चित्रे कृष्णधवल आणि लांबी २०७ मिनिटे! पहाटे तोडीस उठणारी माणसे एवढा वेळ कशी बसणार? म्हणून तो दोन रात्रींत विभागून दाखवावयाचे ठरले. शिक्षक पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगत होता. दुसऱ्या रात्री कोणी फिरकेल अशी आमची अपेक्षा नव्हती. प्रत्यक्षात पहिल्या रात्रीपेक्षा अधिक मंडळी पाचटावर दाटीने बसली.

कथा साधी आहे. सोळाव्या शतकातील जपानमधील एक गरीब खेडे. सातूचे पीक हाती आले की दरोडेखोर ते लुटून नेणार, हे गावकऱ्यांस आधीच कळते. पाणचक्कीत राहणारा गावचा म्हातारा सल्ला देतो की, लढवय्ये सामुराई आणा. पण भुकेले असतील तेच आणा. कारण द्यावयास गावाजवळ पैसा नाही. आहे तो केवळ भात. स्वतः हलके धान्य खाऊन शेतकरी तो भात पाहुण्यांस वाढतात. त्या भातासाठी सात माणसे चाळीस दरोडेखोरांसमोर उभी राहतात.

शस्त्रविद्येचे प्रदर्शन म्हणून या चित्रपटाची कीर्ती मोठी आहे आणि ती अनाठायी नाही. यातील तलवारीचे हात कातोरी शिंतो-र्यू या प्राचीन परंपरेचे आचार्य योशिओ सुगिनो यांनी बसविले. परंतु यातील विद्येचा खरा कस लागतो तो हात आवरण्यात. लढवय्यांची निवड करताना एका मुलास काठी देऊन दाराआड उभे केले जाते. जो खरा जाणता, तो उंबरठ्याबाहेरच थांबून हसतो. क्यूझो नावाचा अबोल योद्धा लुटूपुटूच्या लढतीत आपला विजय शांतपणे सांगतो. प्रतिस्पर्धी ते मानीत नाही, खऱ्या तलवारीचा हट्ट धरतो आणि प्राणास मुकतो. हे पाहताना फडातील पोरे श्वास रोखून बसली होती. कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ शिकविणारे वस्तादही हेच सांगतील, की ज्याच्या हाती विद्या आहे त्याला ती मिरवावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सातांपैकी चौघे मरतात आणि ते चौघेही बंदुकीच्या गोळीने मरतात. तलवारीने एकही नाही. शौर्याचा एवढा गौरव करणारा हा चित्रपट शौर्याची मर्यादाही लपवीत नाही. अमेरिकेत १९६० साली ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ या नावाने त्याची नवी आवृत्ती निघाली. गावाच्या रक्षणासाठी मोल देऊन शूर माणसे आणावयाची, हीच कल्पना आपल्याकडील १९७५ च्या ‘शोले’तही आहे.

चित्रपटातील एका प्रसंगाने आम्हांस तर बारडोलीचाच इतिहास आठवला. ओढ्यापलीकडची तीन घरे वाचविता येणार नाहीत, असे ठरताच त्या घरांचे लोक भाले टाकून निघतात. तेव्हा सातांचा नायक कांबेई तलवार उपसून त्यांना परत रांगेत आणतो आणि बजावतो की, इतरांना राखण्यातच आपले रक्षण आहे.

याच बारडोलीत १२ फेब्रुवारी १९२८ रोजी, वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध, तलवारीवाचून हीच रांग उभी राहिली होती. १३७ गावांचा तालुका, २२ टक्के वाढ, आणि वल्लभभाई पटेलांचे नेतृत्व. जप्तीचे लोक येताच ढोल वाजे, घरांना कुलपे लागत, माणसे व म्हशी एकत्र आत कोंडून घेत. ऑगस्टमध्ये समेट झाला. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशीने ती वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आणली. येथूनच वल्लभभाई ‘सरदार’ झाले.

हे सारे आम्ही दुसऱ्या रात्री चित्रपट संपल्यावर शेकोटीपाशी मोठ्या उत्साहाने सांगितले. ऐकून घेतल्यावर एक प्रौढ बाई आपल्या बोलीत म्हणाली, “फादर, ते शेतकरी जिंकले, चांगले झाले. पण ती सात माणसे तर आमच्यासारखीच की. पीक दुसऱ्याचे, पोटापुरते जेवण आणि काम सरले की पुढची वाट. त्यांना निदान भात तरी मिळत होता.”

सगळे हसले. आम्हीही हसलो, परंतु ते वाक्य रात्रभर मनात राहिले. १९२८ चा लढा थोर होता, यात शंका नाही. पण तो जमीन असणाऱ्यांचा होता. त्याच शेतांत कर्जापायी मालकाच्या घरी पिढ्यान् पिढ्या ‘हाळी’ म्हणून राबणारे दुबळा समाजाचे भूमिहीन लोकही तेव्हा होते. शेतसाऱ्याच्या सुटीने त्यांचे कर्ज फिटले नाही.

कुरोसावाने हेही टाळलेले नाही, आणि हा चित्रपट अद्याप जुना न होण्याचे कारण आमच्या मते हेच होय. त्याचे शेतकरी संत नाहीत. पळत्या सामुराईंना मारून त्यांची चिलखते त्यांनी दडवून ठेवली आहेत. आणि शेतकऱ्याच्याच पोटी जन्मलेला किकुचियो संतापून विचारतो की, यांना असे केले कोणी? गावे जाळणाऱ्या, धान्य लुटणाऱ्या सामुराईंनीच ना? कोणालाही न गोंजारता सर्वांची बाजू मांडणारा चित्रपट ज्याला त्याला आपला वाटतो. आम्ही त्यात बारडोलीचा शेतकरी पाहिला. त्या बाईने स्वतःला पाहिले. तिने आमच्यापेक्षा नीट पाहिले, हे कबूल केले पाहिजे.

शेवटच्या दृश्यात गाव गात गात भाताची लावणी करीत आहे आणि जिवंत उरलेले तिघे आपल्या सोबत्यांच्या मातीच्या ढिगांपाशी उभे आहेत. जिंकले ते शेतकरी, आपण नव्हे, असे कांबेई म्हणतो. पहाटे कोयता उचलताना त्याच बाईने आम्हांस विचारले, “त्या तिघांना गावाने निरोप दिला का?”

चित्रपटात निरोप नाही. लावणीच्या घाईत गावाचे तिकडे लक्ष नाही. आम्ही तसे सांगितले. तिने मान हलविली आणि ती फडात शिरली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हंगाम संपतो. भांडी, कोंबड्या, लेकरे घेऊन ही कुटुंबे ट्रकमध्ये चढतात आणि शेते मोकळी होतात. वाचकहो, त्या वाटेवर आपले गाव असेल, तर यंदा त्या ट्रकपाशी जावे. सोबत थोडा भात न्यावा, हिशेब पुरता झाला का ते विचारावे आणि निरोप द्यावा. आम्ही जाणार आहोत.